माहेरच्या नावाचा माग

पोलंडमध्ये एखाद्या घराण्याचा माग काढायचा तर नुसत्या नावावर भागत नाही, गाव लागतं. गाव कळलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: त्या वर्षी त्या गावावर राज्य कोणाचं होतं? 1795 ते 1918 या 123 वर्षांत पोलंड स्वतंत्र नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो आपसांत वाटून घेतला होता. त्यामुळे पणजी पोझनानकडची असेल तर तिच्या लग्नाची नोंद जर्मन भाषेत, छापील फॉर्मवर मिळते. तिकडे 1 ऑक्टोबर 1874 पासून नोंदणी सरकारी कचेरीकडे गेली. क्राकूव्हकडची असेल तर लॅटिन भाषा, आखलेले रकाने आणि घराचा क्रमांक. वॉर्सा किंवा लुब्लिनकडची असेल तर सगळा मामलाच निराळा.

आमचं घर या तिसऱ्या, रशियाच्या भागातलं. आमचं म्हणजे माझ्या सासरचं. मी कोल्हापूरची, लग्नानंतर लुब्लिनला राहते. सासूबाईंचं माहेर ब्यावा पोदलास्का या शहराजवळच्या खेड्यात आहे. तिथून बूग नदी जवळ, आणि नदीपलीकडे बेलारूस. मुलीला शाळेत वंशवृक्ष करून आणायला सांगितला, तेव्हा तिच्या आजोबांकडची नावं घरातल्या एका काकांनी पूर्वीच जमवून ठेवलेली निघाली. सासूबाईंकडची कोणीच शोधली नव्हती. मी ठरवलं की आपण ही बाजू घ्यायची, आणि तीही आईकडून आईकडे अशीच वर न्यायची. सासूबाई, त्यांची आई, तिची आई, तिची आई, जिथवर जाता येईल तिथवर.

सुरुवात नागरी नोंदणी कचेरीत झाली. तिचं नाव उझोंद स्तानू त्सिविल्नेगो. जन्माच्या नोंदी या कचेरीत 100 वर्षं राहतात, विवाहाच्या आणि मृत्यूच्या 80 वर्षं. मग त्या राज्य अभिलेखागाराकडे जातात आणि कोणालाही पाहता येतात. मुदतीच्या आतली नोंद मात्र ज्याची त्याला किंवा अगदी जवळच्या नातलगालाच मिळते: पती-पत्नी, भावंडं, आईवडील-आजीआजोबा, मुलं-नातवंडं. सून त्यात बसत नाही. म्हणून अर्ज सासूबाईंनी केला, मी सोबत गेले. उतारा दोन प्रकारचा मिळतो, संक्षिप्त 22 झ्लॉतींना आणि संपूर्ण 33 झ्लॉतींना. घराण्याच्या शोधासाठी संपूर्णच घ्यावा. संक्षिप्त उताऱ्यात नावं आणि तारखा येतात. संपूर्ण उताऱ्यात मूळ नोंदीतला सगळा तपशील आणि समासात नंतर केलेल्या नोंदीही येतात. सासूबाईंच्या आईचा जन्म 1928 चा. तिच्या उताऱ्यात तिच्या आईचं लग्नाआधीचं आडनाव, वय आणि गाव मिळालं. एवढ्यावर पुढचा दरवाजा उघडतो.

पोलंडभर एकसारखी, धर्माशी संबंध नसलेली नागरी नोंदणी सुरू झाली 1 जानेवारी 1946 ला. त्याआधी आमच्या भागात सरकारी नोंदणी अधिकारी म्हणजे गावचा पाद्रीच. ही पद्धत नेपोलियनच्या काळापासूनची. त्याने 1807 मध्ये वॉर्साची डची हे राज्य स्थापन केलं, 1808 मध्ये तिथे आपला कायदा लागू केला आणि त्याबरोबर जन्म, विवाह, मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. पोदलासिये, म्हणजे सासूबाईंच्या माहेरचा हा भाग, ऑस्ट्रियाकडून डचीत आला 1809 मध्ये, म्हणून इथली नागरी दप्तरं 1810 पासून सुरू होतात. कायदा सरकारचा, पण लिहिणारा पाद्री. प्रत्येक नोंदवहीच्या दोन प्रती होत, एक चर्चमध्ये राही, दुसरी न्यायालयाकडे जाई. या दुसऱ्या प्रतीचं महत्त्व इथे आल्यावरच कळलं. 1944 मध्ये वॉर्सा जाळलं गेलं त्यात कागदांचे डोंगर नष्ट झाले. इतरत्रही चर्चं जळाली. तरीही अनेक गावांची कुठली तरी एक प्रत वाचली.

यापुढचं काम घरी बसून झालं. अभिलेखागारांनी लाखो पानांची छायाचित्रं महाजालावर मोफत ठेवली आहेत. त्यांची नावनिहाय सूची स्वयंसेवकांनी केली आहे. पोलिश वंशशास्त्र संस्थेची गेनेतेका नावाची सूची त्यांतली सर्वांत मोठी. आडनाव घातलं की वर्ष, नोंदीचा क्रमांक, आईवडिलांची नावं आणि चर्च एवढं समोर येतं. ज्या माणसांनी नोकऱ्या सांभाळून, रात्री जागून, दुसऱ्यांच्या पूर्वजांची नावं एकेक करून उतरवली, त्यांच्याविषयी माझ्या मनात फार कृतज्ञता आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांना आपण कधी भेटणारही नाही.

सासूबाईंची आजी 1903 सालची. म्हणजे दप्तर रशियन भाषेतलं. रशियाच्या झार सरकारने 1868 पासून या भागातल्या नोंदी रशियनमध्ये सक्तीच्या केल्या आणि त्या पहिल्या महायुद्धापर्यंत तशाच राहिल्या. मी छापील रशियन अक्षरं शिकले होते, पण वळणदार हस्ताक्षर ही वेगळीच विद्या निघाली. मोडी वाचताना जसं लेखणी न उचलता ओढलेल्या रेघेत अक्षर कुठे संपतं ते शोधावं लागतं, तसंच इथेही. म, ल, श आणि इ या अक्षरांच्या उभ्या काठ्या एकमेकींत मिसळून जातात. सुदैवाने पाद्री माणसांची नावं रशियनमध्ये लिहून पुढे कंसात पोलिशमध्येही लिहीत. प्रत्येक वर्षाच्या शेवटी आडनावांची यादीही असते. शिवाय नोंदीचा साचा ठरलेला असल्यामुळे एक नोंद नीट लागली की बाकीच्या आपोआप वाचता येऊ लागतात.

तारखा दोन असतात, एक रशियाच्या जुन्या पंचांगाची, एक युरोपच्या नव्या पंचांगाची. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यात 12 दिवसांचं अंतर, 1900 नंतर 13 दिवसांचं. सासूबाईंच्या घरात एक जुना वाद होता. आजीच्या थडग्यावर एक जन्मतारीख कोरलेली आहे, आणि घरात तिचा वाढदिवस दुसऱ्याच दिवशी होत असे. दोन्हींतलं अंतर बरोबर 13 दिवसांचं आहे हे कागदावर मांडून दाखवल्यावर सासूबाई बराच वेळ त्या नोंदीकडे पाहत राहिल्या. दोन्ही तारखा खऱ्या होत्या.

पण ती नोंद सापडली कुठे, हेही सांगायला हवं. 1903 च्या वहीत ती नव्हती. ती निघाली 1905 च्या वहीत, आणि एकटी नाही. तिच्याआधी तिच्या दोन मोठ्या भावंडांची नोंद, लागोपाठ क्रमांकांची, एकाच दिवशी केलेली. तिच्या आईचा, म्हणजे सासूबाईंच्या पणजीचा जन्म तर कोणत्याच वहीत नव्हता. आईवडिलांच्या लग्नाचाही पत्ता नाही. जिवंत, शेती करणारं, मुलंबाळं असलेलं एक घर पंचवीस-तीस वर्षं सरकारी कागदांतून गायब होतं.

याचं कारण त्या भागाच्या इतिहासात आहे. बूग नदीच्या या काठावरचे पुष्कळ शेतकरी युनिएट पंथाचे, म्हणजे पूजाविधी पूर्वेच्या चर्चचे आणि निष्ठा रोमच्या पोपवर. झार सरकारला हे चालत नव्हतं. जानेवारी 1874 मध्ये प्रातुलिन गावात चर्चच्या दारात अडून उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, 13 जण मारले गेले. 1875 मध्ये हा सगळा पंथच सक्तीने ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये विलीन केला गेला. ज्यांनी नकार दिला त्यांनी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मुलांचा बाप्तिस्मा करायचं थांबवलं, लग्नं करायचं थांबवलं. पण नोंदवही तर पाद्र्याच्याच हातात. म्हणजे बाप्तिस्मा नाही तर जन्माची नोंदही नाही. तरुण जोडपी लपूनछपून सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या क्राकूव्हकडे जात आणि तिथे लग्न लावून परत येत. झारचं सरकार ती लग्नं मानत नसे, आणि त्यांची मुलं सरकारी भाषेत अनौरस ठरत. दंड होत, सैनिक घरात राहायला बसवले जात, कित्येकांना रशियात दूर पाठवलं गेलं. शेवटी एप्रिल 1905 मध्ये झारने धर्म बदलण्याची मोकळीक देणारं फर्मान काढलं आणि लाखाहून अधिक माणसं थोड्याच काळात रोमन कॅथलिक चर्चमध्ये आली. त्या वर्षाच्या वह्या मुला-मोठ्यांच्या साचलेल्या नोंदींनी भरून गेल्या आहेत. आमची तीन भावंडं त्यांतलीच.

सासूबाई लहानपणापासून प्रातुलिनला यात्रेला जात आलेल्या. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्ये त्या 13 जणांना धन्य घोषित केलं, तेव्हा त्यांच्या घरात प्रार्थना झाली होती. पण ही गोष्ट आपल्याच घराची आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या आजीने आपल्या आईबापांनी काय सोसलं याचा एक शब्दही काढला नव्हता. नोंद नसणं हाही पुरावा असतो, हे मी तेव्हा शिकले. मधली रिकामी वर्षं म्हणजे त्या घराने दिलेला नकार होता, आणि मला तो त्या सगळ्या वह्यांतल्या कुठल्याही सहीइतका ठसठशीत वाटतो.

रिकामी जागा ओलांडली ती मृत्यूच्या नोंदीने. सासूबाईंची पणजी वारली 1936 मध्ये. 80 वर्षं उलटून गेल्याने ती नोंद अभिलेखागारात खुली झालेली होती. मृत्यूच्या नोंदीतही मृत माणसाच्या आईवडिलांची नावं असतात आणि आईचं माहेरचं आडनाव असतं. ते आडनाव घेऊन मी पुन्हा मागे गेले, यावेळी रोमन कॅथलिक वह्यांत नाही, तर ग्रीक कॅथलिक नावाने लावलेल्या जुन्या युनिएट वह्यांत. अनेकांची वाट इथेच अडते. आज घर कॅथलिक आहे म्हणून फक्त कॅथलिक चर्चच्या वह्या चाळल्या तर दीडशे वर्षांपूर्वीचं कोणीच सापडत नाही. एकाच गावाच्या रोमन कॅथलिक, ग्रीक कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स अशा तिन्ही दप्तरांत पाहावं लागतं.

1868 च्या आधीच्या त्या वह्या पोलिश भाषेत आहेत, आणि मला सर्वांत जास्त आवडतात त्या याच. रकाने नाहीत, तक्ते नाहीत. प्रत्येक नोंद म्हणजे एक सलग, लांबलचक वाक्य. अमुक गावी, अमुक दिवशी, दुपारी अमुक वाजता हे घडलं, असं सुरू होतं. मग बाप समोर येतो, त्याचं वय, धंदा, राहण्याचं गाव. सोबत दोन साक्षीदार, त्यांचीही वयं आणि गावं. बाप मूल दाखवतो आणि सांगतो की हे काल पहाटे अमुक वाजता जन्मलं. मग बाळाच्या आईचं नाव, तिचं माहेरचं आडनाव आणि वय. बाळाचं नाव, बाप्तिस्म्याचे आईबाप. शेवटी, हे सगळं वाचून दाखवलं, पण यांना लिहिता येत नाही म्हणून सही फक्त आम्हीच केली, असं पाद्री लिहितो. आकडे, तारखा, वेळ सगळं अक्षरांत. वयावर फार विसंबू नये. तीस, चाळीस, पन्नास अशी गोल वयं अंदाजाची असतात. मृत्यूचं कारण या नोंदींत बहुधा नसतं. ते गालिसियातल्या, म्हणजे ऑस्ट्रियाच्या भागातल्या, लॅटिन रकान्यांत मिळतं. पण दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या, सही न येणाऱ्या एका बापाचं मूल पहाटे किती वाजता जन्मलं हे 1840-50 च्या काळात सरकारने लिहून ठेवलेलं आज मला वाचता येतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

लग्नाच्या नोंदी तर खजिनाच. वधू आणि वर दोघांचेही आईवडील, जिवंत की मृत, कुठे राहतात. विधवा असेल तर आधीचा नवरा कधी वारला. लग्नासोबत जोडलेले कागदही काही ठिकाणी वेगळ्या गठ्ठ्यात टिकले आहेत: वधूवरांच्या जन्माचे उतारे, आधीच्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला. मूळ वही जळाली असली तरी या गठ्ठ्यात तिची नक्कल सापडू शकते. असाच एक उतारा मला एक पायरी वर घेऊन गेला. 1810 नंतरच्या काही वर्षांतल्या एका लग्नापाशी पोचल्यावर नागरी दप्तर संपतं. मी तिथे थांबले आहे.

त्या सुरुवातीच्या वर्षांची शहरातली कॅथलिक वही चाळताना आणखी एक गोष्ट दिसते. 1825 पर्यंत ज्यूंच्या नोंदीही कॅथलिक पाद्रीच करत असे. धर्मवार वेगळ्या वह्या 1826 पासून झाल्या. ब्यावा पोदलास्का शहरात ज्यू वस्ती मोठी होती. पानामागून पान एक नोंद शेतकऱ्याची, पुढची ज्यू शिंप्याची किंवा दुकानदाराची. आधीच्या वर्षांत पुष्कळ ज्यूंना कायमची आडनावं नसत, बापाच्या नावावरून माणूस ओळखला जाई. 1821 मध्ये आडनाव सक्तीचं झालं. 1942 मध्ये इथल्या ज्यूंना सोबिबोर आणि त्रेब्लिंकाच्या संहार छावण्यांकडे नेण्यात आलं. त्या घरांपैकी कित्येकांचा दिवा लावायलाही कोणी उरलेलं नाही. मी सासूबाईंच्या घरच्या आडनावाच्या शोधात असले तरी ती नावं घाईने उलटून पुढे जाणं मला जमलं नाही.

मी कोल्हापूरची हे कळल्यावर लुब्लिनमधल्या एक बाई माझ्याकडे आपली अडचण घेऊन आल्या. त्यांची आई लहानपणी वळिवड्याच्या पोलिश छावणीत होती. 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळ राहिले, ते बहुतेक पोलंडच्या पूर्व भागातून सोव्हिएत सरकारने सायबेरिया आणि मध्य आशियाकडे हाकललेले. त्यांची गावं आज युक्रेन, बेलारूस, लिथुआनियात आहेत. त्या भागाच्या ज्या वह्या पोलंडमध्ये आल्या, त्यांतल्या पुष्कळशा वॉर्सामध्ये आहेत, जुन्या वह्या आगाद या ऐतिहासिक अभिलेखागारात आणि अलीकडच्या वह्या शहराच्या नोंदणी कचेरीत. त्यांच्या आजीचं लग्न आम्हाला आगादच्या छायाचित्रांत मिळालं. आईच्या तोंडून ऐकलेला पंचगंगेचा उल्लेख त्यांनी मला सांगितला, आणि मी त्यांना ती नदी कुठून येते ते सांगितलं.

मुलीचा वंशवृक्ष शाळेत गेला तेव्हा त्याची एक बाजू आईकडून आईकडे जात सात पिढ्यांपर्यंत पोचली होती. प्रत्येक बाईचं नाव आणि माहेरचं आडनाव त्यात होतं, आणि बऱ्याच जणींचं गावही. त्यांतल्या जुन्या पिढ्यांतल्या एकीलाही लिहिता येत नव्हतं.

दुसरी बाजू माझी होती. वडिलांकडची नावं भराभर मिळाली. आमच्या घराण्याची नावं त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आहेत, बाप, मुलगा, नातू अशी बरीच मागे जातात. आईकडून आईकडे मात्र मी माझ्या पणजीपाशीच अडले. लग्नात तिचं नाव बदललं होतं. सासरचं नाव सगळ्यांना ठाऊक, माहेरचं नाव कोणालाच आठवत नाही, आणि माहेरचं गाव कोणतं यावर माझ्या दोन मावश्यांची दोन मतं आहेत. ज्या देशाला 123 वर्षं स्वतःचं राज्य नव्हतं तिथल्या निरक्षर शेतकरणी मला सापडल्या, आणि माझी पणजी सापडली नाही. हे मला लागलं.

आपल्याकडे कागद अगदीच नाहीत असं नाही. गावच्या जन्म-मृत्यूची नोंद ठेवणारी कोतवाल बुकं अनेक तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत आहेत, त्यांतली जुनी मोडीत आहेत. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी ती राज्यभर बाहेर काढली गेली, तेव्हा ती वाचणारी माणसं शोधावी लागली. जातीच्या दाखल्यापलीकडेही त्यांचा उपयोग आहे. तुमच्या तालुक्यातली बुकं कुठल्या अवस्थेत आहेत ते एकदा जाऊन विचारा. मोडी येत असेल तर दोन पानं तरी उतरवून ठेवा. आणि घरात आजी किंवा मावशीआजी असेल तर तिचं लग्नाआधीचं नाव, तिच्या आईचं लग्नाआधीचं नाव आणि दोघींची माहेरची गावं तिच्याकडून विचारून घेऊन वहीत तारखेनिशी लिहून ठेवा.